जनुकांत पाप कुठे?

बुलढाणा जिल्ह्यात सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या यात्रेत बाधा उतरवायला माणसं आणली जातात. तिथला दिलासा मी खोटा म्हणणार नाही. पण स्वमग्न मूल जन्मलं की घरीच पूर्वजन्मीचं पाप शोधणं वेगळं. २०१९ साली पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या अभ्यासात स्वमग्नतेतला आनुवंशिक वाटा सुमारे ८० टक्के निघाला. मग दोष आईबापांचा? तोही नाही. आपली जनुकं कोणी निवडून देत नाही, आणि काही मुलांतला बदल तर दोघांतही नसतो, नव्यानेच घडलेला असतो. कर्मवादी म्हणतील, तोही कर्मामुळेच. असेल, पण कुठल्याही पुराव्याने न हलणाऱ्या अशा सिद्धांतावर एखाद्या आईला दोषी कसं ठरवणार?