बाबांची नाइट

बाबा नाइटला असले की मला बरं वाटायचं. हे मान्य करायला पन्नाशी उलटावी लागली.

बाबा तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. नखांच्या कडांत पिवळा रंग कायमचा बसलेला; साबण, रॉकेल, लिंबू, कशालाच दाद देत नसे. नाइटचा आठवडा लागला की आईशेजारची जागा माझी. सकाळी ते आले की मात्र "हळू बोल, बाबा झोपलेत." एका रात्री कंपन्यांच्या बाजूने मोठा आवाज झाला, भोंगा वाजला, सगळी चाळ गल्लीत आली. आई पदर तोंडाशी धरून उभी. मी तिचा हात धरला होता आणि मनात आलं, बाबा आलेच नाहीत तर? त्या प्रश्नात भीती होती. नुसती भीतीच होती, असं मात्र आज छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. पहाटे ते धडधाकट परतले. मी गणपतीच्या तसबिरीपुढे जाऊन कान धरले. कशाबद्दल, ते आईला कळलं नाही.

अशी कबुली देणारा मी पहिला नाही. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचे वडील 1896 साली वारले. त्यानंतर त्याने स्वतःचंच मन उकरायला घेतलं आणि ऑक्टोबर 1897 मध्ये फ्लीस या मित्राला कळवलं की आईची ओढ आणि बापाचा मत्सर मला माझ्यातही सापडला. ईडिपस गंड म्हणून पुढे जगभर गाजलेल्या सिद्धांताचं एक मूळ असं आत्मपरीक्षणात आहे. म्हणूनच मला तो जवळचा वाटतो. एरवी एका माणसाच्या मनावरून साऱ्या मानवजातीचा निवाडा करणं मला पटत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीलाही पटलं नव्हतं. ट्रोब्रियंड बेटांवर मुलावर सत्ता मामाची, तर मुलाचा रागही मामावर, बाप आपला सवंगडी, असं त्याचं निरीक्षण. कलकत्त्याचे मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस तर फ्रॉइडशी पत्रातून वाद घालत. आपले भारतीय रुग्ण या साच्यात नीट बसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि आपल्याकडे दर भाद्रपदात मुलांना गोष्ट सांगतातच की: आईच्या दारावर पोरगा पहारा देतोय, बाप येतो, पोरगा अडवतो, बाप त्याचं डोकं उडवतो. ग्रीकांच्या ईडिपसच्या गोष्टीत मुलगा बापाला मारतो, आपल्याकडे उलट. आपण मात्र मोदकांच्या नादात भांडण विसरतो.

मालिनोव्स्कीचं बोट धरून मी बोईसरच्या आमच्या चाळीकडे पाहतो. गावी धुळ्याकडे आजी, काका, चुलत भावंडं. मत्सर झालाच तर दहा जणांत वाटला जायचा. इथे दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघंच. त्यात माझी रात्रीची जागा कंपनीच्या शिफ्टच्या तक्त्यावर ठरायची.

त्या पोराला मी दोष देत नाही. फ्रॉइडने त्याला निर्दोष सोडलंय, मीही सोडतो. अडचण माझ्या आजच्या वयाची आहे. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत, माझ्याकडेच असतात. "वडिलांचं किती करतो!" असं शेजारी म्हणतात आणि मला ते आवडतं. पण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं मी बंद केलं. टीव्हीचा रिमोट माझ्याकडे. त्यांचं पेन्शनचं पासबुक, एटीएम कार्ड, दोन्ही माझ्या कपाटात. परवा नातवाला खाऊला पन्नास रुपये द्यायचे तर त्यांनी माझ्याकडे मागितले; मी "कशाला?" विचारलं आणि मग दिले. त्या "कशाला?"मध्ये काळजी किती आणि जुना हिशेब किती, हे मला ठाऊक आहे. बालपणीच्या इच्छेला सिद्धांताचा आधार मिळतो. या प्रश्नाला मिळत नाही, तो माझा मी विचारलाय.

आई-वडिलांची सेवा करतो असं जे अभिमानाने सांगतात, त्यांना एवढंच विचारतो: पासबुक कोणाच्या कपाटात आहे?