रेषेला लाभलेले मरण

चित्रांना चालते-बोलते करण्याची विद्या साधली, तेव्हा माणसाने तिच्याकडून प्रथम हशाच मागितला, आणि त्यात गैर काहीच नव्हते. कारण कड्यावरून कोसळूनही तत्क्षणी उठून उभे राहणारे, चिरडले तरी पूर्ववत होणारे शरीर हे विनोदाचे आयते भांडवल होय. परंतु ज्याला मरण नाही, त्याच्यासाठी कोणी रडतही नाही. म्हणूनच वॉल्ट डिस्ने यांनी हिमगौरी आणि सात बुटक्यांची कथा पूर्ण लांबीच्या कार्टूनपटासाठी मुक्रर केली, तेव्हा हॉलिवूडमधील जाणत्यांनी तो बेत शुद्ध खुळेपणा ठरविला, याचे नवल वाटू नये.

मूळ कथा तर मृत्यूच्या छायेतच वाढलेली. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ती छापली, तेव्हा मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची जन्मदात्रीच होती. १८१९ च्या आवृत्तीत मातृत्वाची बूज राखण्यासाठी त्यांनी तिच्या जागी सावत्र आई आणली. त्या कथेत बुटक्यांना नावे नाहीत, आणि ते तीन दिवस रडले एवढ्या नोंदीत त्यांचा शोक आटोपतो. लोककथेला तेवढे पुरते, कारण उरलेला शोक ऐकणारा आपल्या पदरचा घालतो. पडद्यावर मात्र तो डोळ्यांना दिसावा लागतो आणि मनाला पटावाही लागतो.

असा शोक दाखविण्याची पात्रता कार्टूनकलेत क्रमाक्रमाने आली. डिस्ने यांच्या १९३३ च्या तीन डुकरांवरील लघुपटात, दिसण्यात जवळजवळ सारखी असलेली ती डुकरे केवळ चालण्यावागण्यावरून निरनिराळी ओळखू आली, आणि रेषेलाही स्वभाव असू शकतो हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी वसंतदेवतेच्या लघुपटात मानवी आकृतीचा प्रयोग झाला. पण देवीचे हात रबरी नळीसारखे वळले. चित्रकारांना चित्रकला-शिक्षक डॉन ग्रॅहम यांच्या वर्गात जिवंत देहाचा अभ्यास करावयास बसविले गेले, एका तरुण नर्तकीकडून हिमगौरीच्या हालचाली करवून त्यांचे चित्रण नमुन्यादाखल घेतले गेले, आणि खर्चाचा आकडा सुमारे १५ लाख डॉलरांवर गेल्याने कर्जाचीही तजवीज करावी लागली.

या सर्व खटाटोपाचे फळ पाहावयाचे असेल, तर ग्रंपी नावाच्या तिरसट बुटक्याकडे पाहावे. तो खाणीत निघताना हिमगौरी त्याच्या टकलाचे चुंबन घेते. तो फणकाऱ्याने चालू लागतो, चार पावलांवर त्याच्या चेहऱ्यावर नकळत हसू पसरते, आणि ती पाहत आहे असे ध्यानात येताच पुन्हा कपाळाला आठ्या पडतात. प्रेक्षक येथे हसतो खरा, पण त्या हसण्यात तो एका माणसाशी नाते जोडून बसतो. पुढे हिमगौरी निष्प्राण पडली असता तोच बुटका तोंड फिरवून रडू लागतो, तेव्हा त्या नात्याची वसुली होते. फ्रँक थॉमस यांनी चितारलेल्या त्या प्रसंगात बुटके जवळजवळ हलतच नाहीत. हालचाल हेच जिचे सर्वस्व, त्या कलेने आपला सर्वांत उत्कट क्षण निश्चलतेच्या हवाली केला. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमधील पहिल्या खेळाला चित्रपटधंद्यात मुरलेली मंडळी जमली होती. त्या प्रसंगाने त्यांनाही रडविले.

चित्रपटाने मूळ कथेतील पुष्कळ उग्रता सौम्य केली, हा आक्षेप खोटा नाही. राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचून मरावे लागत नाही, राजपुत्र नाममात्र आहे, आणि हिमगौरीला जागविणारे चुंबनही दुसऱ्याच, निद्रिस्त राजकन्येच्या कथेतून उसने आणलेले आहे. ग्रिमांकडे शवपेटी वाहणारे अडखळतात आणि घशातला सफरचंदाचा तुकडा उडून पडतो. पण जो शोक ग्रिमांनी एका वाक्यात उरकला, त्यालाच चित्रपटाने मध्यवर्ती मान दिला, आणि ही भर लहान नव्हे. १९४२ च्या ‘बांबी’त तर हरिणीचे मरण पडद्यावर दाखविण्याची गरजही उरली नाही, बंदुकीचा आवाज पुरला, कारण चितारलेला जीव मरू शकतो, हे प्रेक्षकाने तोवर कबूल केले होते. मुलांना हिमगौरीच्या चित्रपटाची ओढ वाटते ती केवळ सुखान्तामुळे, असे आपण वडीलधारी समजतो. वस्तुतः गमावण्याची खरी धास्ती त्यांना आधी मिळते, म्हणूनच तो सुखान्त त्यांना फुकटचा वाटत नाही.