वाचविलेले मूल कोणाचे?

बुडत्याला हात देणाऱ्याचे उपकार फिटत नाहीत, हे खरेच. परंतु तेवढ्यावरून उपकारकर्त्याला उपकृतावर स्वामित्व प्राप्त होते काय? दुसऱ्या महायुद्धात ज्यांनी यहुदी मुलांचे प्राण वाचविले, त्यांच्यापुढे हा प्रश्न अत्यंत कठोर रूपाने उभा राहिला.

ही मुले पुष्कळदा नाव लपवूनच वाचली. वॉर्सा येथे नाझींनी भिंतीआड कोंडलेल्या यहुदी वस्तीतून इरेना सेंडलर व तिचे सहकारी मुले बाहेर काढीत आणि ख्रिस्ती नावे देऊन ख्रिस्ती घरांत व मठांत ठेवीत. खोटे नाव हेच तेथे प्राणांचे कवच होते. तथापि प्रत्येक मुलाचे खरे नाव सेंडलर कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून ठेवी. पुढे ते कागद बरणीत घालून पुरण्यात आले. ते शत्रूच्या हाती पडते तर सर्वनाशच होता. तरीही, उद्या मुलाला त्याचे कूळ सांगता यावे एवढ्यासाठी हा धोका पत्करण्यात आला.

याच्या उलट फ्रान्समधील फिनाली बंधूंची कथा. १९४४ साली त्यांच्या आईबापांना पकडून आउश्वित्झला धाडण्यात आले. ते परतले नाहीत. ग्रनोब्ल येथील शिशुगृहाच्या चालिका आंत्वानेत ब्रुन यांनी मुलांना सांभाळले. युद्ध संपताच आत्यांनी मुले मागितली. ब्रुनबाईंनी ती दिली नाहीत, उलट १९४८ साली त्यांचा बाप्तिस्मा करविला. न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला तेव्हा, १९५३ साली, मुलांना स्पेनमध्ये लपविण्यात आले. अखेर त्याच वर्षी ती इस्राएलात आत्याकडे पोहोचली.

ब्रुनबाईंची बाजू अगदीच पोकळ नव्हे. ज्या मुलांना दुसरे घर आठवतही नव्हते, त्यांना पुन्हा एकदा उपटून काढणे हे क्रौर्य नव्हे काय, असे कोणी विचारील. पण हे दुःख वाढले ते परत करण्याने की परत न करण्याने? पहिल्याच वर्षी जे सोपे होते, ते आठव्या वर्षी दुःसह झाले.

आता आपल्याकडे पाहू. पोलंडमधून सोव्हिएत वनवासात गेलेली व तेथून इराणमार्गे बाहेर पडलेली मुले दोन वाटांनी गेली. 'तेहरानची मुले' म्हणून ओळखली जाणारी यहुदी मुले कराचीवरून जाऊन फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाईनला पोहोचली. इतर पोलिश निर्वासितांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतेक स्त्रिया व मुले आणि धर्माने बहुधा कॅथॉलिक, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. तेथे त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालत, त्यांचे प्रार्थनामंदिर होते, सणवारही त्यांचेच होते. आश्रयाचे मोल म्हणून मुलांनी आपली भाषा विसरावी, असे कोणी म्हटले नाही.

कोकणातील बेने इस्राएलांचा इतिहासही हेच सांगतो. त्यांनी गावांवरून 'कर' लावून आडनावे घेतली, मराठी आपलीशी केली. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' आपला धर्म सांभाळून राहिले. ठाण्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे. भयाने घेतलेले नाव आणि आपखुशीने घेतलेले नाव यांतील अंतर येथे कळते.

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीत कातकरी-ठाकूरांची मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. त्यांची स्थिती आणि नाझींचा संहार यांची तुलना करणे अनुचित होईल. परंतु शिकविणाऱ्याने मुलाला आपल्या घरच्या बोलीची लाज वाटू दिली, तर वरील प्रश्न लहान रूपाने तेथेही उद्भवतो: आपण मुलाला आधार देत आहो, की त्याच्याकडून काही वसूल करीत आहो?

मूल रक्षकाचे नव्हे, आणि नीट पाहिले तर ते त्याच्या समाजाचीही मालमत्ता नव्हे. ते त्याचे स्वतःचे. मोठेपणी कोणता मार्ग धरावा हे तेच ठरवील. पण निवड करावयाची तर आपण कोण होतो हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून रक्षकाजवळचे मूल ही ठेव होय, आणि ठेवीचा धर्म एकच: ती जपावी, आणि ती कोणाची हे विसरू नये.