देहाचा भार आणि दोषाचा भार



लठ्ठपणा हे पाप आहे काय? प्रश्न थोडा अप्रिय आहे. पण आपल्या मंडळ्यांनी त्याचे उत्तर न बोलता देऊन टाकलेले दिसते. आत्मसंयमनावर उपदेश सुरू झाला की काही नजरा हळूच एखाद्या स्थूल भगिनीकडे वळतात. प्रीतिभोजनात तिच्या ताटावरून विनोद होतो आणि तीही सर्वांबरोबर हसते. ते हसू किती महाग पडते, हे तिलाच ठाऊक असते. म्हणून हे उत्तर वस्तुस्थितीच्या व पवित्र शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार १९९० साली जगातील सुमारे २५ टक्के प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०२२ साली ते प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के व पुरुषांपैकी ९.३ टक्के अतिवजनाचे वा लठ्ठ आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हेच आकडे २४ व २२.९ झाले. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश होत्या. म्हणजे एकाच देशात, कधी एकाच आळीत, दोन्ही दुःखे शेजारी शेजारी नांदत आहेत.

अवघ्या पंधरा वर्षांत इतकी माणसे एकाएकी अधिक पापी झाली, असे कोणी म्हणेल काय? बदलली ती राहणी. तेल व साखर स्वस्त व मुबलक झाली. अंगमेहनतीचे काम बैठे झाले. शहरांत पायी चालण्याची वाट उरली नाही. शिवाय अनुवंश, काही औषधे, अपुरी झोप यांचाही त्यात हात असतो.

डोळ्यांना दिसते तेही पुष्कळदा फसवे असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची व वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के भरली! दोघेही दिसायला सडपातळच. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो व परमेश्वर अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला शिकावे लागले (१ शमुवेल १६:७). आपण तर बाहेरचे रूपही नीट वाचू शकत नाही.

आता शास्त्राकडे वळू. भाषांतराच्या मेजावर एक इब्री शब्द विचारात पाडतो : ‘बारी’. मवाबी राजा एग्लोन याच्या स्थूलपणासाठी तो येतो (शास्ते ३:१७). आणि राजाचे पक्वान्न नाकारून शाकान्नावर राहिलेले दानीएल व त्याचे सोबती दहा दिवसांनी कसे दिसले, हे सांगतानाही तोच येतो (दानीएल १:१५). मराठीत आपण एकाला लठ्ठ म्हणतो व दुसऱ्यांना धष्टपुष्ट. संदर्भाने ते योग्यच आहे. पण मूळ शब्द देहाचे वर्णन करतो, न्यायनिवाडा करीत नाही.

शास्त्र ज्याचा निषेध करते तो खादाडपणा. त्यासाठीचा ‘झोलेल’ हा शब्द अनुवाद २१:२० मध्ये बंडखोर पुत्रासाठी येतो; त्याच्या धातूत मोल न जाणण्याची, उधळेपणाची छटा आहे. तो वृत्तीचा दोष आहे, वजनाचा नव्हे. सडपातळ मनुष्यही खादाड असू शकतो. आणि हे विसरू नये की, पंक्तीला बसतो एवढ्यावरून लोकांनी खादाड म्हणून हिणवले ते आपल्या प्रभूलाच (मत्तय ११:१९).

एली याजकाचे उदाहरण कोणी पुढे करील. तो वृद्ध व देहाने जड होता, असे शास्त्र सांगते खरे (१ शमुवेल ४:१८). परंतु त्याच्या घराण्यावर दोष ठेवला आहे तो जडपणाचा नव्हे; लोकांनी देवाला आणलेल्या अर्पणांतला उत्तम वाटा घेऊन ते पुष्ट झाले, याचा (२:२९). शास्त्र विचारते ते इतकेच : तुझ्या ताटात कोणाचा वाटा आला आहे?

मग व्यक्तीवर काहीच जबाबदारी नाही काय? आहे. अतिवजनाबरोबर मधुमेह, हृदयविकार व सांधेदुखी यांचा धोका वाढतो, आणि देह ही देवाची देणगी आहे. परंतु गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन ग्रीक शब्द वापरतो. दुसऱ्या वचनात ‘बारोस’, म्हणजे चिरडून टाकणारे ओझे. ते एकमेकांनी वाहायचे. पाचव्या वचनात ‘फोर्तिऑन’, म्हणजे ज्याचे त्याने वाहायचे स्वतःचे गाठोडे. दोन घास कमी खाणे, रोज चालणे, वेळीच वैद्याकडे जाणे, हे ज्याचे त्याचे गाठोडे आहे. उपहास, एकाकीपणा व लाज हे मात्र ओझे आहे, आणि पुष्कळदा ते आपणच दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले असते.

तेव्हा वाचकहो, प्रार्थनासभेनंतर तळलेल्या पदार्थांसोबत फळेही ठेवा. कोणी ‘पुरे’ म्हटले तर आग्रहाने वाढू नका. मंदिराचे आवार संध्याकाळी चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवा. आणि पुढच्या प्रीतिभोजनात त्या भगिनीच्या शेजारी जाऊन बसा. तिच्या ताटाकडे न पाहता तिच्या मुलाबाळांची, तिच्या कामाची चौकशी करा. ओझे वाहण्याचा प्रारंभ तेथूनही होतो.