रिकामा माळ

आमच्या कोल्हापूर भागात ज्या रानात पीक येत नाही त्याला ‘पड’ म्हणायची रीत आहे. नदीकाठचं काळं रान म्हणजे जमीन, बाकीची नुसती पड. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार बघा. उन्हाळ्यात उघडा कातळ, आणि पावसाळा सरता सरता त्याच कातळावर वीतभर उंचीची फुलं. जनावरं घेऊन फिरणाऱ्याला असा माळ कधी रिकामा वाटत नाही. रिकामा तो कागदावरून बघणाऱ्याला.

हे सांगायचं कारण पवनचक्क्या. साताऱ्याहून सज्जनगडाच्या वाटेनं ठोसेघर ओलांडलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तिथं पवनचक्क्या उभ्या आहेत. कुणाला वाटतं, डोंगराचं रूप गेलं. कुणी मुद्दाम फोटो काढायला जातं. डोळ्याचं असंच असतंय. आज खुपतं ते उद्या सवयीचं होतं. नुसत्या दिसण्यावर न्याय करायचा म्हटलं तर निकाल दर पिढीला बदलेल.

डोळ्याला न दिसणारी गोष्ट तिथल्या सरड्यानं दाखवली. नराच्या गळ्याला निळा, काळा, नारिंगी पंखा असलेला हा सरडा २०१६ साली नवी जात म्हणून नोंदला गेला. त्याच्या कुळाचं शास्त्रीय नावसुद्धा आपल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच ठेवलंय. २०१८ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी चक्क्यांखालचं पठार आणि शेजारचं मोकळं पठार ताडून पाहिलं. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. सरडे मात्र वाढलेले, माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे, पण अंगानं रोडावलेले आणि रंगानं फिके. वरचं भय गेलं, खाली गर्दी झाली, आणि गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला कमी आलं.

मग पवनचक्क्या नकोत का? तसं म्हणायला जीभ रेटत नाही. बटण दाबलं की उजेड आपल्याला पाहिजेच. कोयनेच्या विजेपायी गावं पाण्याखाली गेली, चंद्रपूरच्या विजेसाठी कोळसा जळतोय. वारा गाव बुडवत नाही, धूरही सोडत नाही.

तरीपण, “इथं काहीच नाही” म्हणून जागा घेणं वेगळं, आणि “इथं घार आहे, सरडा आहे, गुराख्याची वाट आहे, हे जाणून घेतोय” असं म्हणणं वेगळं. दुसऱ्या बोलण्यात देणं कबूल केलेलं असतं. देणं कबूल करणारा मोजून घेतो आणि शेजारचं एखादं पठार मोकळं सोडतो.

गावात भावांची वाटणी होते तेव्हा एखादा भाऊ मुंबईला असला, तरी शहाणे पंच त्याचा हिस्सा बाजूला काढून ठेवतात. तो हजर नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. सातबाऱ्यावर घारीचं नाव नसतं आणि वाटणीला ती येऊन बसत नाही. तिच्या वतीनं बोलायचं काम पंचांचंच आहे, आणि इथं पंच म्हणजे वीज वापरणारे आपण सगळे.