विकत घेतलेला एकांत

मनुष्याच्या अंतःकरणात एक जुनी इच्छा वास करिते. ती ही की, चोहोंकडे पाणी असावे, मध्ये आपले घर असावे, आणि आपल्या परवानगीवाचून कोणाचेही पाऊल आपल्या अंगणात पडू नये. बहुतेकांची ही इच्छा मनातच राहून जाते. परंतु ज्यांस धन आहे अशांपैकी कित्येक लोक खरोखरच बेटे विकत घेतात. आपण जसे शेताचे खरेदीखत करितो, तसे ते बेटाचे खरेदीखत करितात व तेथे घर बांधून राहतात. आता प्रश्न असा की, हे करणे योग्य आहे काय? मनुष्याने आपल्या पैशाने एकांत विकत घ्यावा काय?

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणी बेट घेणार नाही हे मी जाणतो. ज्याचा वर्षाचा दाणागोटा पुरा पडत नाही त्याने बेटाचा विचार कशास करावा, असे कोणी म्हणेल. तथापि श्रीमंतास जी इच्छा बेट घ्यावयास लाविते, ती गरिबाच्या मनातही असते. फक्त तिला पैसा मिळत नाही इतकेच. म्हणून मोठ्या आरशात आपले तोंड एकदा पाहावे, हे बरे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, असा खरेदीदार बहुधा भर समुद्रातील दूरचे बेट शोधीत नाही. त्यास किनाऱ्याजवळचे बेट हवे असते. कारण उघड आहे. पीठमीठ, रॉकेल, औषध, टपाल, सुतार, गवंडी, वैद्य हे सर्व किनाऱ्यावरून यावयाचे असते. म्हणजे त्यास लोकांचे श्रम पाहिजेत, परंतु लोकांची तोंडे नकोत; त्यांची होडी पाहिजे, परंतु होडीतील मनुष्य धक्क्यावरूनच परत गेला पाहिजे. ज्याने सर्व सोडून अरण्यवास पत्करिला त्याची गोष्ट निराळी. किनाऱ्याजवळ राहून किनाऱ्यापासून दूर राहू इच्छिणे, ह्यातच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे.

ह्याविषयी एका बेटाची खरी हकीकत सांगतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात पूल नावाचे बंदर आहे. त्या बंदराच्या तोंडाशी ब्राउन्सी नावाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०० एकर असून किनाऱ्यावरून होडीने तेथे जावयास काही मिनिटेच लागतात. सन १८५२ साली कर्नल वॉ नामक गृहस्थाने ते विकत घेतले. बेटावर उंची चिनी माती आहे, तिची सुबक भांडी करून आपण अपार श्रीमंत होऊ, असा त्याचा भरवसा होता. त्याने कर्ज काढून कारखाना उभारिला, कामकऱ्यांकरिता गाव वसवून त्यास आपल्या पत्नीच्या नावावरून मेरिलँड हे नाव दिले, आणि एक देऊळही बांधिले. पण ती माती बारीक भांड्यांच्या कामाची ठरली नाही. तिचे सांडपाण्याचे नळ मात्र होऊ लागले. कर्ज फिटेना, तेव्हा १८५७ साली तो स्पेन देशास पळून गेला. शुभवर्तमानातील कोठारे वाढविणारा धनवान आपणांस येथे सहज आठवेल.

पुढे ते बेट अनेक हातांत गेले. १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात तेथील त्या वेळच्या मालकाने बेडन-पॉवेल ह्यांस काही मुलांसह तळ देण्याची परवानगी दिली, आणि त्या तळापासून बालवीरांची चळवळ सुरू झाली. त्या मुलांत श्रीमंतांची मुले होती तशीच कामकऱ्यांचीही होती. ज्या बेटाचे दार थोडे दिवस उघडे राहिले त्यातून काय निघू शकते, हे ह्यावरून दिसते.

नंतर १९२७ साली मेरी बॉनहॅम-क्रिस्टी नामक एका बाईने ते लिलावात १,२५,००० पौंडांस घेतले. ह्या बाईच्या मनात द्रव्यलोभ नव्हता. तिजला प्राण्यांविषयी फार कळवळा होता. बेटावर कोणी शिकार करू नये, पशुपक्ष्यांनी निर्भय फिरावे, झाडेझुडपे आपल्या मनाप्रमाणे वाढावी, असा तिचा संकल्प होता. परंतु त्याच संकल्पाच्या पोटी, तेथे ज्यांच्या चुली पेटत होत्या त्यांपैकी बहुतेकांस बेट सोडून किनाऱ्यावर जावे लागले. १९३४ साली बेटावर मोठी आग लागली. ती आठवडाभर जळत राहिली व बेटाचा बहुतेक भाग राख झाला. वारा फिरला म्हणून पूर्वेकडील इमारती वाचल्या. ह्या आगीनंतर बाहेरच्या लोकांस बेट अगदीच बंद झाले. बाई तेथे वृद्ध झाली व नव्वदी ओलांडल्यावर १९६१ साली वारली.

तिच्यामागे मृत्युकराची मोठी रक्कम देणे निघाली. आता हे बेट बंगल्यांकरिता तुकडे करून विकले जाईल, ह्या भीतीने आसपासच्या लोकांनी वर्गणी जमविण्याची खटपट केली. आणि १९६२ साली ते नॅशनल ट्रस्ट नावाच्या संस्थेच्या हाती गेले. पुढल्या वर्षी ते सर्वांस खुले झाले.

आता ह्या बाईचा न्याय आपण कसा करावा? तिच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते आधी सांगितले पाहिजे. इंग्लंडात तांबड्या खारी आता फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत, कारण अमेरिकेतून आणिलेल्या करड्या खारींनी त्यांस हुसकून लाविले. ब्राउन्सीवर मात्र त्या आजही आहेत. मधल्या पाण्याने करड्या खारी अडविल्या, आणि बाईने कुऱ्हाड व बंदूक अडविली. तिच्या जागी दुसरा कोणी असता तर तेथे आज कदाचित घरांच्या रांगा असत्या. देवाने उत्पन्न केलेल्या मुक्या जीवांची काळजी घेणे हे लहान काम नव्हे.

तथापि दुसरी बाजूही पाहावी. ज्यास आपली चूल उचलून जावे लागले, त्यास खारीचे रक्षण हे उत्तर पुरत नाही. चांगला हेतू हा हेतू धरणाऱ्याच्या मनाचे समाधान करितो. ज्याचे घर गेले त्यास घर देत नाही. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, १९६३ पासून तेथे लोक येत-जात आहेत, बेटाचा काही भाग जीवांकरिता राखून ठेविला आहे, आणि खारी नाहीशा झाल्या नाहीत. म्हणजे त्या बंद दाराची गरज खारींपेक्षा त्या बाईलाच अधिक होती. आपण आपल्या एकांताच्या इच्छेस कोणत्या तरी चांगल्या कामाचे नाव देतो, परंतु ते काम दार उघडे ठेवूनही होण्यासारखे असते. ही आपली स्वतःची फसवणूक फार सूक्ष्म आहे.

बेटाबरोबर कधी कधी मनुष्येही विकली जातात, ह्याचे एक उदाहरण स्कॉटलंडच्या पश्चिमेस आहे. एग नामक बेटावर साठ-पासष्ट लोक राहत होते. बेट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि रहिवाशांस आपल्या घराच्या जागेची शाश्वती नसे; नवा मालक कोण येतो ह्याची त्यांनी वाट पाहावी इतकेच. शेवटी त्यांनी निधी उभारिला, दूरदूरच्या हजारो लोकांनी पैसे पाठविले, आणि १९९७ साली सुमारे १५ लाख पौंडांस ते बेट तेथील लोकांच्याच संस्थेने विकत घेतले. २००८ साली वारा, पाणी व सूर्य ह्यांच्या योगाने त्यांनी आपली वीजही उत्पन्न केली. बेट तेच, खरेदीखतही तसेच. फरक इतकाच की, जे तेथे राहत होते त्यांस विचारून व्यवहार झाला.

तर मग एकांत इच्छिणे हे पाप आहे काय? नाही. प्रभूनेही एकांत शोधिला. मार्काच्या शुभवर्तमानात असे आहे की, शिष्य थकले असता त्याने त्यांस होडीत घालून अरण्यातल्या जागी विसाव्यास नेले. परंतु लोक पायी धावत जाऊन त्यांच्या आधीच तेथे पोहोंचले. आणि ते पाहून त्याने होडी मागे फिरविली नाही, तर त्यास त्यांचा कळवळा आला. विसावा घेण्याचा हक्क त्याने सोडिला नाही. परंतु विसाव्याकरिता मनुष्यास परतवूनही लाविले नाही.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सातव्या शतकात कथबर्ट नावाचा साधू होऊन गेला. इ. स. ६७६ च्या सुमारास तो फार्न नावाच्या बेटावर एकटा राहावयास गेला. तेही किनाऱ्याजवळच आहे. बीड नामक इतिहासकाराने त्याचे चरित्र लिहिले आहे. त्यात सांगितले आहे की, कथबर्टाने आपल्या झोपडीभोवती दगडमातीची इतकी उंच भिंत घातली की आतून केवळ आकाश दिसावे. आपण सुधारलेल्या मताचे लोक वैराग्यास तारणाचे साधन मानीत नाही. तरी त्याच्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. होडी लागण्याच्या जागी त्याने येणाऱ्यांकरिता एक मोठे घर बांधविले होते, आणि दुःखी लोक त्याजकडे सांत्वनाकरिता येत. पुढे त्यास बिशप नेमिले, तेव्हा राजा स्वतः होडीत बसून त्यास आणावयास गेला. आणि तो रडला खरा, पण बेट सोडून निघाला. जवळजवळ दोन वर्षे त्याने ते काम केले, आणि मरणकाळी पुन्हा आपल्या बेटावर आला. त्याची भिंत उंच होती, परंतु तिला दार होते.

ह्या गोष्टी मी दुसऱ्यांस सांगतो, परंतु त्या मी आधी स्वतः शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मंडळीच्या कामाने, रात्री-अपरात्री येणाऱ्या हाकांनी व भाऊबंदांच्या तंट्यांनी माझे मन थकून गेले होते. नदीपलीकडे एका मळ्यात एक रिकामी झोपडी होती. पावसाळ्याच्या आरंभी मी तेथे काही दिवस राहावयास गेलो. पाण्याच्या आवाजामुळे अलीकडची हाक पलीकडे ऐकू येत नसे, हेच मला सर्वांत गोड वाटले. एके रात्री नदी चढली. गावातील एका वृद्ध विधवेने शेवटच्या घटकेस माझी आठवण केली. तिचा नातू काठावर कंदील घेऊन हाका मारीत उभा राहिला. नावाडी होडी घालीना. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोंचलो तेव्हा तिला मूठमाती देऊन लोक परतत होते. मला कोणी दोष दिला नाही. "पाळकसाहेब, पाणीच फार होते," एवढेच तो मुलगा म्हणाला. ते खरेही होते. परंतु ते पाणी मधे असावे अशी इच्छा मी स्वतःच केली होती, हे त्यास ठाऊक नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. बेट घेणे हे स्वतः पाप नव्हे, आणि एकांत तर पुष्कळदा मोठी कृपा आहे. परंतु घेणाऱ्याने तीन गोष्टी आपल्या मनास विचाराव्या. मजपूर्वी येथे कोण राहत होते, व माझ्या येण्याने त्यांचे काय होईल? ज्यांच्या श्रमावर मी येथे जगणार त्यांचे तोंड पाहावयास मी राजी आहे काय? आणि किनाऱ्यावरून हाक आली तर ती मजपर्यंत पोहोंचेल काय? ज्यास ह्यांची उत्तरे देववतात त्याने खुशाल घ्यावे. ज्यास देववत नाहीत, त्याविषयी यशया संदेष्ट्याने फार पूर्वीच हाय हाय केले आहे. घराला घर व शेताला शेत जोडीत जाऊन देशात आपण एकटेच उरावे असे इच्छिणाऱ्यांविषयी तो बोलला.

बंधुभगिनींनो, आता आपल्या गावाकडे पाहू या. ज्याने विहिरीस कुंपण घातले त्याने बेट घेतले. दोन पैसे हाती येताच ज्या उपदेशकाने वस्तीपासून दूर घर बांधिले, आणि आपल्याच आप्तांस ओसरीखाली उभे केले, त्यानेही बेट घेतले. तंट्यानंतर जे भाऊ एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहून वर्षानुवर्षे बोलत नाहीत, त्यांच्या मधले पाणी पूलच्या बंदराहून खोल आहे. थकल्या मनुष्याने अवश्य विसावा घ्यावा. शेताच्या बांधावर, आंब्याखाली, पहाटेच्या अंधारात प्रार्थनेकरिता एकटे बसावे. मात्र बसण्यापूर्वी घरी सांगून जावे की, कोणी आले तर मी अमुक ठिकाणी आहे.