चिठ्ठ्या आणि वस्त्रे

दिल्लीत १९५५ च्या कायद्याने जुगाराचे अड्डे निषिद्ध आहेत. मग तेथील व गुडगाव-नोएडाचे काही नोकरदार तरुण सुटी साधून विमानाने गोव्यास जातात आणि मांडवीतील कॅसिनोच्या जहाजांवर रात्र घालवितात. ‘पैसा आमचा, विरंगुळा आमचा, कोणाचे काय बिघडले?’ हा त्यांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. मार्क १५:२४ मध्ये शिपायांनी आणि प्रेषितांची कृत्ये १:२६ मध्ये शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या. मूळ ग्रीक शब्दही एकच. भाषांतर करताना तेथे मला भेद करता येत नाही. परंतु शिष्य सेवेसाठी माणूस शोधीत होते. शिपायांना समोर मरणाऱ्याची वस्त्रे हवी होती. कॅसिनोचा मालक जिंकणाऱ्यास पदरचे देत नाही. हरलेल्यांच्या खिशातले देतो. जिंकणाऱ्याला ते हरलेले दिसत नाहीत, इतकेच.